वेगेनर यांची परतीची वाट

ग्रीनलंडच्या ईशान्येला जगातले सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ सुमारे ९ लाख ७२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून थोडे अधिकच. राष्ट्रीय उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तिकीटखिडकी, पायवाटा आणि दिशा दाखवणारे फलक येतात. इथे त्यातले काही नाही. कायमची गावे नाहीत. हवामान केंद्रावरची मोजकी माणसे, आणि हिवाळ्यात कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून गस्त घालणारे डेन्मार्कच्या सैन्याचे ‘सिरियस’ पथक, एवढीच काय ती वर्दळ. वाट म्हणजे कोणीतरी पुढे जाऊन बर्फात रोवलेली निशाणे. एक वादळ आले की तीही गाडली जातात.

१९७४ मध्ये हा प्रदेश उद्यान म्हणून जाहीर झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९०६ मध्ये, पंचविशीतला एक जर्मन तरुण तिथल्या डॅनमार्क्सहाव्न या जागी पतंग उडवत होता. हौस म्हणून नव्हे. पतंगाला आणि दोरीने बांधलेल्या फुग्यांना उपकरणे लावून तो ध्रुवीय हवेचे तापमान आणि वारे मोजत होता. त्याचे नाव आल्फ्रेड वेगेनर. सगळे खंड एकेकाळी एकत्र होते आणि नंतर ते सरकत सरकत दूर गेले, ही कल्पना मांडणारे शास्त्रज्ञ म्हणून आज त्यांना शाळकरी मुलेही ओळखतात. पण वेगेनर स्वतःला मुख्यतः हवामानशास्त्रज्ञ समजत, आणि त्यांच्या आयुष्याचा धागा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बर्फातून जातो.

१ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिनमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक, प्राचीन भाषांचे शिक्षक, शिवाय एका अनाथाश्रमाचे प्रमुख. पाच भावंडांत आल्फ्रेड धाकटे. १९०५ मध्ये त्यांनी खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, पण दुर्बिणीजवळ बसून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. थोरले बंधू कुर्ट यांच्याबरोबर लिंडेनबर्गच्या हवाई वेधशाळेत ते रुजू झाले. एप्रिल १९०६ मध्ये दोघे भाऊ फुग्यातून सलग साडेबावन्न तास हवेत राहिले. तो त्या काळचा विक्रम होता. त्याच वर्षी ते डेन्मार्कच्या मोहिमेबरोबर ग्रीनलंडला निघाले.

त्या मोहिमेने त्यांना ध्रुवप्रदेशाचा पहिला धडा दिला, आणि तो फार कठोर होता. मोहिमेचे प्रमुख मिलियस-एरिक्सन दोन साथीदारांसह उत्तरेचा किनारा नकाशावर आणण्यासाठी गेले आणि उन्हाळ्यात बर्फ वितळल्याने अडकून पडले. पादत्राणे झिजली, अन्न संपले. परतीच्या वाटेवर, १९०७ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी, तिघेही मरण पावले. त्यांतले यॉर्गेन ब्रॉनलुंड हे ग्रीनलंडचे रहिवासी. ते सर्वांत शेवटपर्यंत चालत राहिले आणि साठ्याच्या जागेपर्यंत पोहोचले. पुढच्या मार्चमध्ये शोधपथकाला त्यांचा देह मिळाला, तेव्हा शेजारी डायरी आणि साथीदाराने काढलेले नकाशे नीट ठेवलेले होते. बाकी दोघांचे देह कधीच सापडले नाहीत.

हे सगळे जवळून पाहूनही वेगेनर १९१२ मध्ये त्याच भागात परत गेले. या वेळी प्रमुख होते योहान पेटर कोख. बरोबर एक आइसलंडचा आणि एक डॅनिश असे आणखी दोघे, सोळा आइसलंडी घोडे आणि ग्लो नावाचा एक कुत्रा. हिमनदीवर लाकडी घर बांधून त्यांनी तिथेच हिवाळा काढला. ग्रीनलंडच्या हिमचादरीवर माणसांनी मुक्काम करून काढलेला तो पहिला हिवाळा. कोख एका भेगेत कोसळले, त्यांचा पाय मोडला आणि ते काही महिने अंथरुणाला खिळून राहिले. जवळ शस्त्रक्रियेची सोय नाही, बाहेर सूर्य नाही; खपच्या आणि सक्तीची विश्रांती यांवर हाड जुळून यायचे होते, आणि ते आले. मग १९१३ च्या वसंतात चौघांनी हिमचादर पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडायला सुरुवात केली. घोडे एकामागून एक गेले. पश्चिम किनाऱ्यावरची वस्ती अवघ्या काही किलोमीटरवर असताना अन्न संपले. शेवटचा घोडा आणि मग ग्लोसुद्धा खावा लागला. त्यानंतर उपर्नाविकचे धर्मोपदेशक दूरच्या एका वस्तीला भेट द्यायला होडीतून निघाले होते, त्यांच्या नजरेस ही माणसे पडली म्हणून वाचली. मोहिमांच्या इतिहासात याला यश म्हणतात. वैद्यकीय नजरेने पाहिले तर तो केवळ योगायोग होता.

या दोन मोहिमांच्या मध्ये, जानेवारी १९१२ मध्ये, वेगेनर यांनी फ्रँकफुर्ट येथे भूशास्त्रज्ञांच्या सभेत खंड सरकतात हे पहिल्यांदा मांडले. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचे किनारे एकमेकांत बसतात हे इतरांच्याही लक्षात आले होते. वेगेनर यांनी त्याला पुराव्यांची जोड दिली. ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीचे जीवाश्म भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया इतक्या दूरदूरच्या खडकांत सापडतात. त्याहून चमत्कारिक म्हणजे आज उष्ण असलेल्या प्रदेशांत हिमनद्यांच्या खुणा आहेत. विदर्भातल्या वाचकांना हे जवळचे वाटेल. चंद्रपूरजवळ इरई येथे हिमनदीने घासलेल्या, ओरखडे पडलेल्या खडकांची नोंद एकोणिसाव्या शतकातच झाली होती. उन्हाळ्यात अंडे तळावे अशी जमीन तापणाऱ्या त्या भागावर सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी बर्फ होते. गोंडवन हे नाव भूशास्त्राला मिळाले तेही मध्य भारतातल्या याच गोंडांच्या मुलखावरून. हा सारा भूभाग तेव्हा दक्षिण ध्रुवाजवळ होता, असे मानले की कोडे सुटते.

पहिले महायुद्ध सुरू होताच वेगेनर यांना सैन्यात बोलावले गेले. बेल्जियममध्ये ते दोनदा जखमी झाले, एकदा हातावर आणि एकदा मानेवर गोळी लागून. आघाडीसाठी ते अपात्र ठरले आणि लष्कराच्या हवामान विभागात गेले. खंडांच्या उत्पत्तीवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक त्या आजारपणातले, १९१५ चे. भूशास्त्रज्ञांनी ते फारसे मानले नाही. एवढे प्रचंड खंड ढकलते कोण, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांच्याकडे नव्हते, आणि ग्रीनलंड दर वर्षी कित्येक मीटर पश्चिमेला सरकते हा त्यांचा हिशेबही साफ चुकीचा होता. खरी गती वर्षाला काही सेंटीमीटर असते. टीकाकारांना केवळ मत्सरी ठरवणे अन्यायाचे होईल. पण मूळ गाभा बरोबर होता. तो मान्य व्हायला १९६० चे दशक उजाडावे लागले.

ढगांतल्या बर्फकणांवरचे त्यांचे काम त्या मानाने कमी ठाऊक आहे. अतिशीत पाण्याच्या थेंबांच्या जिवावर बर्फाचे कण वाढतात आणि मग पाऊस पडतो, ही कल्पना त्यांनी १९११ मध्ये मांडली. कृत्रिम पावसासाठी थंड ढगांत सिल्व्हर आयोडाइड फवारतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. १९१३ मध्ये त्यांनी एल्झा कोपेन यांच्याशी लग्न केले. शाळेच्या भूगोलात हवामानाचे वर्गीकरण ज्यांच्या नावाने शिकवतात, ते व्लादिमिर कोपेन हे त्यांचे सासरे. तीन मुली झाल्या. त्यांतल्या लोट्टे यांचे पुढे गिर्यारोहक हाइनरिश हारर यांच्याशी लग्न झाले. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी हारर यांना पकडले, तेव्हा डेहराडूनला हलवण्याआधी त्यांना अहमदनगरच्या छावणीत ठेवले होते. १९२४ मध्ये वेगेनर यांना ऑस्ट्रियात ग्राझ येथे प्राध्यापकपद मिळाले. चाळिशी ओलांडलेली, संसार मार्गी लागलेला. एखादा माणूस इथे थांबला असता.

१९३० ची मोहीम त्यांच्याच नेतृत्वाखाली होती, आणि बेत मोठा होता. हिमचादरीच्या पश्चिम कडेला एक केंद्र, पूर्वेला दुसरे, आणि मधोमध, पश्चिम कडेपासून ४०० किलोमीटर आत, सुमारे ३००० मीटर उंचीवर तिसरे. या मधल्या केंद्राचे नाव ‘आइसमिटे’, म्हणजे बर्फाचा मध्य. तिथे वर्षभर हवामानाच्या नोंदी घ्यायच्या आणि सुरुंगाच्या धक्क्यांचा प्रतिध्वनी मोजून खालच्या बर्फाची जाडी काढायची.

घात केला तो वेळापत्रकाने. खाडीतले बर्फ वेळेवर फुटले नाही आणि सामान उतरवायलाच जवळपास सहा आठवडे उशीर झाला. सुमारे शंभर टन सामान हिमनदीच्या उभ्या चढावरून घोड्यांनी आणि माणसांनी वर न्यायचे होते. विमानाचे इंजिन बसवलेल्या, पंख्यावर चालणाऱ्या दोन घसरगाड्यांवर मोठी भिस्त होती. त्या ताज्या, भुसभुशीत बर्फात आणि समोरच्या वाऱ्यात रुतून बसल्या. जुलैअखेर योहानेस गेओर्गी आइसमिटेला पोहोचले, सप्टेंबरमध्ये एर्न्स्ट झोर्गे. पण राहायचे तयार घर पोहोचले नाही, पुरेसे इंधन नाही, बिनतारी यंत्रही नाही. दोघांनी परतणाऱ्या गाड्यांबरोबर निरोप धाडला की २० ऑक्टोबरपर्यंत रसद आली नाही, तर ते हाताने गाडी ओढत पायी परत निघतील.

४०० किलोमीटर, उणे पन्नास अंशांत, पायी. याचा अर्थ वेगेनर यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ब्रॉनलुंड यांचा देह कसा सापडला होता ते त्यांना माहीत होते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात ते हवामानशास्त्रज्ञ फ्रिट्झ लोवे आणि तेरा ग्रीनलंडवासीयांसह कुत्र्यांच्या पंधरा गाड्या घेऊन निघाले. निशाणे बर्फात गाडली गेली होती. थंडी वाढत गेली तसे टप्प्याटप्प्याने बारा जण परत फिरले. त्यांना भित्रे म्हणणारे आजही आढळतात. वास्तविक, हिवाळ्यात हिमचादरीच्या आत जायचे नसते हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण त्यांच्याजवळ होते. एक जण मात्र थांबले, विशीतले रास्मुस विलुमसेन. ओझे कमी करण्यासाठी वाटेत सामान टाकत टाकत तिघे पुढे गेले. सुमारे चाळीस दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, ते आइसमिटेला पोहोचले तेव्हा गाड्या जवळजवळ रिकाम्या होत्या.

आणि तिथे गेओर्गी आणि झोर्गे सुखरूप होते. त्यांनी बर्फात गुहा खोदली होती. वरचे बर्फ थंडी आणि वारा अडवते, त्यामुळे थोड्याशा इंधनावर निभावता येईल असे त्यांच्या लक्षात आले होते आणि पायी निघण्याचा बेत त्यांनी रद्द केला होता. हे कळवण्याचे साधन नव्हते, एवढेच. ज्या संकटासाठी वेगेनर निघाले, ते ते पोहोचण्याआधीच टळले होते.

नवे संकट लोवे यांच्या पायांत होते. बोटे गोठली होती. हिमदंश नेमका कसा होतो? शरीर आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेते. बोटे टोकाला, त्यांना रक्त आधीच कमी. त्यात घामाने ओले मोजे, घट्ट बूट आणि उपाशी शरीर यांची भर पडली की ऊतींमध्ये बर्फाचे स्फटिक तयार होतात. खरे नुकसान बरेचदा पुढे होते. गोठलेला भाग पुन्हा ऊब धरतो तेव्हा दुखावलेल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, रक्त पोहोचत नाही आणि बोट काळे पडते. म्हणूनच पुन्हा गोठण्याचा धोका असेल, तर अर्ध्या वाटेत पाय वितळवू नये, असे आज सांगितले जाते. सुरक्षित जागी पोहोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात तो भाग ठेवावा. बर्फाने चोळणे हा जुना उपाय सपशेल घातक आहे, आणि शेकोटीवर शेकणेही तसेच, कारण बधिर कातडीला भाजल्याचे कळत नाही. डिसेंबर-जानेवारीत हिमालयात ट्रेकला जाणाऱ्या मराठी मंडळींनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. आता गुठळ्या विरघळवणारी आणि रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे आहेत. ती पहिल्या चोवीस तासांत मिळाली तर बोटे वाचू शकतात, आणि मृत भाग आपोआप स्पष्ट होईपर्यंत शल्यचिकित्सक कित्येक आठवडे थांबतात.

आइसमिटेच्या गुहेत थांबण्याची सोय नव्हती. जखमेतून विष अंगात पसरले असते तर मृत्यू नक्की होता. गेओर्गी हे हवामानशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेत. त्यांनी खिशातला चाकू आणि पत्रा कापायची कात्री घेऊन, भूल न देता, लोवे यांची बोटे कापली. लोवे तो सगळा हिवाळा गुहेतच पडून होते. ते जगले, ही गेओर्गी यांच्या धैर्याची पावती आहे आणि थोडीफार त्या जागेचीही. इतक्या थंडीत जंतूंची वाढ फारशी होत नाही.

अन्न पाच जणांना पुरणारे नव्हते. लोवे चालू शकत नव्हते, म्हणून ते राहणार हे ठरलेलेच होते. १ नोव्हेंबर १९३० ला सकाळी वेगेनर आणि विलुमसेन दोन गाड्या, सतरा कुत्रे आणि १३५ किलो शिधा घेऊन पश्चिमेकडे निघाले. त्या दिवशी वेगेनर यांना पन्नास वर्षे पूर्ण झाली होती.

पुढची हकीकत खुणांवरूनच कळते. कुत्रे कमी होत गेले, एक गाडी सोडून द्यावी लागली. उरलेली गाडी विलुमसेन हाकत होते आणि वेगेनर बाजूने स्कीवर चालत होते. कुत्र्यांच्या वेगाशी जुळवून, उंचसखल गोठलेल्या लाटांवरून, जेमतेम काही तासांच्या संधिप्रकाशात. किनाऱ्यावरच्या लोकांना वाटले ते आइसमिटेला राहिले असतील. आइसमिटेच्या लोकांना वाटले ते किनाऱ्याला पोहोचले असतील. बिनतारी यंत्र नसल्याने हा गैरसमज सगळा हिवाळा टिकला. मे १९३१ मध्ये मदतीचे पथक आइसमिटेला पोहोचले तेव्हा तो फिटला आणि शोध सुरू झाला. १२ मे रोजी, पश्चिम केंद्रापासून १८९ किलोमीटरवर, बर्फात उभ्या रोवलेल्या दोन स्की दिसल्या. खाली रेनडिअरच्या कातड्यावर वेगेनर यांचा देह होता, झोपण्याच्या पिशवीच्या दोन आवरणांत शिवून ठेवलेला. अंगावर पूर्ण कपडे होते. चेहरा शांत होता.

शवविच्छेदन झाले नाही, त्यामुळे निदान अंदाजानेच केले गेले: अतिश्रमाने हृदय बंद पडले. तो अंदाज पटण्यासारखा आहे. ते वाटेत कोसळून गोठले असते, तर देहाची अवस्था वेगळी असती. मृत्यू तंबूत, विश्रांती घेताना आला असावा. देह थंडीने फार गारठला की मेंदूचा गोंधळ होऊन माणूस अंगावरचे कपडे काढू लागतो, हे अशा मृत्यूंत अनेकदा दिसते. इथे तसे काही नव्हते. दुसरीकडे हृदयावरचे ओझे पाहा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला त्या दाबाविरुद्ध काम करावे लागते. थंडीत लघवी जास्त होते, कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जाते, आणि प्यायला पाणी हवे तर बर्फ वितळवायला इंधन लागते; ते तर मोजके. म्हणजे रक्त घट्ट होत जाते. ३००० मीटरवर प्राणवायू विरळ, त्यात ध्रुवाकडच्या थंड, आकसलेल्या हवेमुळे तिथली उंची शरीराला नकाशातल्या आकड्यापेक्षा जास्तच जाणवते. वेगेनर भरपूर धूम्रपान करणारे होते. आणि हे सगळे एका दिवसाचे नव्हते. चाळीस दिवसांची जातानाची दौड, मध्ये जेमतेम दोन रात्री विसावा, की पुन्हा तीच वाट. तिशीतल्या वेगेनर यांनी १९१३ मध्ये हे पेलले होते. पन्नाशीतले हृदय तेच काम तसेच करील, हा भरवसा त्यांनीही धरला आणि त्यांच्याबरोबरच्या कोणी तो तपासला नाही. तसे म्हटले तर तपासण्याचे फारसे साधनही नव्हते.

कुटुंबाच्या इच्छेनुसार देह तिथेच ठेवला गेला आणि वर लोखंडी क्रूस उभा केला. दर वर्षीच्या हिमवर्षावाखाली तो केव्हाच गाडला गेला आहे, आणि हिमचादरीबरोबर हळूहळू किनाऱ्याकडे सरकत आहे. मोहीम कुर्ट वेगेनर यांनी पुढे नेली. आइसमिटेचे वर्ष पूर्ण झाले, उणे ६४.९ अंश इतके नीचांकी तापमान नोंदले गेले आणि तिथले बर्फ अडीच किलोमीटरहून जाड असल्याचे धक्क्यांच्या मोजणीने दाखवले. गुहेच्या भिंतीतून बर्फ कसकसे घट्ट होत जाते याचा झोर्गे यांनी त्या हिवाळ्यात केलेला अभ्यास हिमशास्त्रात आजही वापरात आहे. लोवे ज्यू होते. हिटलरच्या काळात त्यांना जर्मनी सोडावी लागली. ते इंग्लंडमार्गे ऑस्ट्रेलियाला गेले आणि मेलबर्न विद्यापीठात त्यांनी हवामानशास्त्र विभाग उभा केला. बोटे नसलेल्या पायांवर ते पुढे अंटार्क्टिकालाही जाऊन आले.

विलुमसेन यांनी वेगेनर यांना पुरले, आवरणे शिवली, स्की रोवल्या आणि त्यांची डायरी बरोबर घेऊन ते एकटे पश्चिमेकडे निघाले. पुढे काही अंतरापर्यंत त्यांच्या मुक्कामाच्या खुणा सापडल्या. मग खुणाही संपल्या. ते आणि ती डायरी अजून बर्फात आहेत.